टाकीतली बेरी

माझ्या सासऱ्यांच्या पलंगाखाली गोणपाटात गुंडाळलेली एक मशीन असते. झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी, पुढे दातेरी साखळी असलेली. शिकलेली माणसं तिला चेनसॉ म्हणतात, आमच्या पावणे गावात सगळे कटर म्हणतात. सासरे तुर्भ्याला एका लाकडाच्या वखारीत तीस वर्षं होते. तिथल्या शेठने नवी मशीन घेतली तेव्हा ही जुनी सासऱ्यांना देऊन टाकली. ती माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त लाडात वाढली आहे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात केर काढताना मी ती जरा पुढे ओढली, तर सासरे म्हणाले, "सूनबाय, तिला हात नको लावू." माझ्या माहेरी साताऱ्याकडे माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी तो झाडू तिथेच टाकला आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या पलंगाखालचा केर काढला नाही. रागाला मी पक्की आहे.

वर्षातून एकदा मात्र ती मशीन बाहेर निघायची, होळीला. आमच्या गावाच्या चारी बाजूंना आता कारखाने आहेत, ट्रकांच्या रांगा आहेत, वारा फिरेल तसा रोज वेगळ्या केमिकलचा वास आहे. पण होळी अजून गावाचीच. मैदानात खड्डा खणायचा आणि मधोमध एक उंच ओंडका उभा करायचा. पूर्वी त्यासाठी झाड तोडत, आता वखारीतून वाळलेलं लाकूड येतं. पण त्याचं खालचं टोक सरळ कापून ते खड्ड्यात ताठ बसेल असं करायचं, हा मान आमच्या घराचा. म्हणजे सासऱ्यांचा. नारळ फुटला की सगळं गाव गोल करून उभं राहायचं, सासरे मशीन सुरू करायची दोरी ओढायचे, मशीन बोंबलायची, भुसा उडायचा. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांसाठी हा माणूस वर्षभर ताठ चालायचा.

मग मध्ये करोनाची ती दोन वर्षं आली, होळी नावापुरती झाली. तिसऱ्या वर्षी सासऱ्यांचा गुडघा धरला. मशीन पलंगाखालीच राहिली, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. आणि तेवढ्यात सासऱ्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. मग शर्टाची बटणं लागेनात. ही गोष्ट घरात आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि नवऱ्याला माहीत होती. गावात कुणालाच नाही. बाहेर पडताना सासरे दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचे, आणि लोक म्हणायचे, म्हातारा रुबाबात चालतो.

आमच्या शेजारच्या घरात त्यांचे चुलतभाऊ राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. दोघांचं वैर नेमकं कशावरून सुरू झालं ते दोघांनाही आठवत नाही, पण चालू ठेवलंय मात्र इमानदारीत. काकांनी गेल्या वर्षी ऑनलाइन नवी कटर मागवली. केशरी रंगाची. ती त्यांनी आठवडाभर ओट्यावर ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही की स्वतःच सांगायचे.

होळीला दहा दिवस असताना गावाची मीटिंग झाली. तिथे काका म्हणाले, "दादूसला आता या वयात कशाला तरास? माझी मशीन नवी हाय. मी कापतू." आगरी माणूस मोठ्या भावाला दादूस म्हणतो, त्यात माया असते. पण काकांच्या तोंडून तो शब्द ऐकला की आमच्या घरात दार आपटतं. सासरे घरी आले, जेवले नाहीत, आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "यंदा मीच कापनार. त्याच मशीननी."

नवरा म्हणाला, "बाबा, हात..." सासरे म्हणाले, "काय झाला हाताला?" नवरा गप्प. तो बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे, गप्प बसायची त्याला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मशीन मागच्या अंगणात आली. सासऱ्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज. टाकीचं झाकण उघडलं तर असा वास आला की शेजारची मांजर उठून गेली. रिक्षात घालून तुर्भ्याच्या दोन गॅरेजांत नेली. एकाने हात लावला नाही. दुसरा म्हणाला, "आजोबा, हिला भंगारात द्या." सासऱ्यांनी त्या माणसाला काय सांगितलं ते मी इथे लिहू शकत नाही.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पोळ्या करत होते. खूप वेळ उभे राहिले. मी मुद्दाम मागे वळून बघितलं नाही. शेवटी म्हणाले, "सूनबाय, तुझे हात बारीक हायत."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पोळी उलटवली आणि म्हटलं, "मला तर हात लावायची मनाई आहे ना?"

"मनाई कवा केली?"

"लग्नाच्या आठवड्यात."

"तवा तू नवी व्हतीस," ते म्हणाले. या माणसाकडून यापेक्षा जास्त काही मिळणार नव्हतं, म्हणून मी तेवढ्यावर भागवलं.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. सासऱ्यांनी आधी माझ्याकडून गॅस बंद करवला, मग देवापुढचं निरांजन शांत करायला लावलं, मग अंगणात खुर्ची टाकून बसले आणि हात मांड्यांखाली दाबून हुकूम सोडायला लागले. मी टाकीत डोकावले. खाली काळपट तपकिरी काहीतरी बसलं होतं, वर एक साय धरलेली. पेट्रोल उडून जातं, म्हणाले, पण त्यात मिसळलेलं ऑइल राहतं, ते सुकून चिकटतं. त्याला गाळ म्हणायचं. मला कुठल्याही भांड्यात असं काही दिसलं की हात शिवशिवतात. मी आत गेले, भांडी घासायचा साबण गरम पाण्यात कालवला आणि टाकीत ओतणार, तोच ते खुर्चीतून उभे राहिले. गुडघा वगैरे सगळं विसरून.

"पानी नाय. पानी नाय घालाचा. आतून सडंल ती."

"मग काय घालायचं?"

"पेट्रोल. पेट्रोलनी पेट्रोल धुवाचा."

ही भाषा मला पटली नाही, पण मशीन त्यांची. आधी जुनं सगळं एका पत्र्याच्या डब्यात उपडं केलं. मग तारेचा आकडा करून टाकीतली नळी बाहेर ओढली. तिच्या टोकाला पेट्रोल गाळणारा छोटा फिल्टर असतो. तो बाहेर आला तेव्हा गुळाच्या खड्यासारखा दिसत होता, आणि नळी हातातच मोडली. त्या दोन्ही वस्तू तुर्भ्याच्या दुकानात मिळतात, तेवढं तरी बरं होतं. मग थोडं ताजं पेट्रोल आत घातलं. सासरे म्हणाले, आता यात लहान नट टाक आणि हलव, ते गाळ खरवडतील.

मी म्हटलं, नट कशाला, तांदूळ टाकते. निमुळत्या तोंडाची तेलाची बाटली आम्ही अशीच धुतो, मूठभर कणी टाकायची आणि खळखळ हलवायचं. माझ्या आईने मला शिकवलंय.

"मशीनमधी तांदूळ? खिचडी कराचीय काय?"

"बाबा, बाटली कोण धुतं घरात? तुम्ही का मी?"

कणी पडली. मी ती मशीन छातीशी धरून अशी हलवली की गच्चीवरून भाडेकरू बघायला लागले. सात किलोचं ते धूड, त्यात माझी पाठ. वीस वेळा डावीकडे, वीस वेळा उजवीकडे, मग उलटी. फडक्यातून गाळलं तर तांदूळ तपकिरी होऊन आले आणि सोबत गाळाचे पापुद्रे. सासरे खुर्चीतून वाकून बघत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांच्या समाधानासाठी नट टाकले. बारा टाकले, अकरा निघाले. बारावा शोधण्यात आमचा अर्धा तास गेला आणि त्यात मी जे काही बोलले त्याने सासऱ्यांच्या मनात माझ्याबद्दल नवीन आदर निर्माण झाला. नट शेवटी माझ्या पदरात सापडला. असं पाच-सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी पेट्रोल जरा फिकं यायचं. शेवटी टॉर्च मारून आत बघितलं तर धातू चकाकत होता. मी सासऱ्यांना मशीन दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून आत बघितलं, फार वेळ बघितलं, आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यान अजून हाय."

नव्हतं. मी पुन्हा धुतली.

फडक्यावर जमलेला गाळ मी टाकून देणार होते, पण सासरे म्हणाले ठेव, किती निघाला ते बघू दे. म्हणून एका जुन्या स्टीलच्या वाटीत तो काढला आणि वाटी पुढच्या ओट्यावर उन्हात ठेवली. पेट्रोल उडून गेलं आणि वाटीत राहिला तो मऊ, रवाळ, तपकिरी-सोनेरी गोळा. हुबेहूब तूप कढवल्यावर पातेल्याच्या तळाला राहते ती बेरी. आता योगायोग बघा, त्याच दिवशी दुपारी मी तूप कढवलं होतं. आमच्या सासरी तुपाचं फारसं कौतुक नव्हतं, मासळीपुढे तूप कोण विचारतो, पण मी आल्यापासून महिन्यातून दोनदा लोणी कढतं आणि त्या वासाने आळी जागी होते. आणि बेरीवर साखर भुरभुरून खायची चटक या आळीत मी कुणाला लावली असेल तर ती काकांना. वैर असो वा नसो, त्या दिवशी ते बरोबर हजर असतात. निमित्त असतंच, कधी पेपर, कधी स्टुलाची गरज.

तर मी आत तूप गाळत होते आणि बाहेरून काकांचा आवाज आला, "बेरी हाय काय गं?"

खरी बेरी माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होती. मला वाटलं, मागतायत. मी आतूनच म्हटलं, "आहे ना काका. थांबा, साखर आणते."

साखरेचा डबा घेऊन बाहेर आले तर काका पायरीवर बसले होते, मांडीवर वाटी, बोट तोंडात. आयुष्यभर केमिकलच्या कारखान्यात काम करून त्यांच्या नाकाची वाट लागलेली आहे, त्यांना कशाचाच वास येत नाही. ते चघळत होते. चेहऱ्यावर थोडी शंका होती, पण सूनबाईने केलेलं आहे, नावं कशी ठेवायची, असा भिडस्तपणाही होता. मला बघून म्हणाले, "जरा करपली वाटतं."

माझ्या हातातला डबा पडायचा राहिला. मी म्हटलं, "काका, थुंका. ती बेरी नाही."

"मग काय हाय?"

"मशीनच्या टाकीतला गाळ आहे."

ते थुंकले. मोरीत जाऊन चुळा भरल्या, मीठ लावून जीभ घासली, पुन्हा चुळा भरल्या. मी खरंच घाबरले होते, पायात चपला नाहीत तशी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, काय खाल्लं ते दोनदा विचारलं, मग तोंडावर रुमाल धरून म्हणाले, पोटात गेलं नाही ना, मग काळजीचं कारण नाही, आज विडी मात्र ओढू नका. काकांनी चार दिवस ओढली नाही. पेट घेईल अशी त्यांना भीती वाटत होती.

परत आलो तेव्हा सासरे ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. चेहरा अगदी गंभीर ठेवून त्यांनी काकांना विचारलं, "चव कशी हाय?" आणि मग जे हसले, जे हसले. खोकले, डोळे पुसले, पुन्हा हसले. सासूबाई गेल्यापासून हा माणूस असा हसला नव्हता. हसताना त्यांचे हात खिशातून बाहेर आले होते आणि सगळ्या अंगाबरोबर हलत होते, पण हसणाऱ्याचं सगळंच हलतं, त्यामुळे काकांना काही दिसलं नाही. किंवा मला तसं वाटलं.

काकांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. ते भर आळीत म्हणाले, "होळीला बघू. तीन झटक्यांत सुरू झाली तर तू काप. नायतर मी. सगळ्यांदेखत." सासरे म्हणाले, "तीन कशाला, दोन घे." आणि आत येऊन माझ्याकडे बघितलं. आता हे सगळं माझ्या धुण्यावर आलं होतं.

पुढचे दिवस मी कारखान्यातल्या नोकरीवरून घरी आले की आधी मशीन. नवीन नळी बसली, नवीन फिल्टर बसला, प्लग घासला. पेट्रोल आणि ऑइल मोजून, फडक्यातून गाळून भरलं. होळीच्या आदल्या दिवशी अंगणात दुसऱ्या झटक्याला ती सुरू झाली. त्या आवाजाने मला रडू आलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. धूर, वास, आणि ते घरघरणं. सासऱ्यांनी ती अर्धं मिनिट नुसती धरली आणि बंद केली. म्हणाले, "बस. उद्याला ठेवू." मला तेव्हाच समजायला हवं होतं की अर्ध्या मिनिटाच्या वर ती त्यांच्याने धरवली नाही.

होळीच्या दुपारी मैदानात सगळं गाव. ओंडका आडवा दोन ठोकळ्यांवर ठेवलेला, दुसरं टोक दाबून धरायला काका उभे. खरं तर तिथे कुणीही चाललं असतं, पण त्यांना जवळून बघायचं होतं. मी पेट्रोलचा कॅन घेऊन सासऱ्यांच्या उजवीकडे. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती, मीच भरली होती. नारळ फुटला. सासऱ्यांनी पायाने मशीन दाबली आणि दोरी ओढली. नाही. दुसऱ्यांदा ओढली आणि मशीन बोंबलली. गाव ओरडलं. मी काकांकडे बघून हसले, असं हसू मला शोभत नाही, पण हसले.

मग त्यांनी ती उचलली आणि साखळी लाकडाला लावली. पहिल्यांदा ती सालीवरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. बोटभर कापलं गेलं, तेही तिरकं. मशीनची थरथर आणि हातांची थरथर एक झाली होती, मनगटं त्यांचं ऐकत नव्हती. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते लाकडाकडे अशा नजरेने बघत होते, जणू लाकूडच फसवतंय. मला वाटलं आता ती पायावर येणार. आणि तेवढ्यात मी बघितलं, त्यांचा अंगठा हळूच सरकला आणि बटण बंद झालं.

मशीन थांबली. सासरे तसेच उभे, मान खाली. बटण मला दिसलं होतं, मी दोन हातांवर होते. बाकी गावाला एवढंच दिसलं की मशीन बंद पडली. पण अजून एक क्षण गेला असता तर कुणीतरी म्हणालं असतं, पुन्हा ओढ. आणि मग पुन्हा ओढावं लागलं असतं.

मी मोठ्याने म्हटलं, "गेली वाटतं. बाबा, चुकलं माझं. टाकी मीच धुतली होती. गाळ राहिला असणार, फिल्टरमध्ये अडकला."

बायकांमध्ये खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाच्या हातात मशीन दिल्यावर काय होणार. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. एवढी टाकी या पावण्यात कुणी धुतली नसेल, पाच-सहा वेळा पेट्रोलने, तांदळाने, नटाने, आणि तिला मी माझ्याच तोंडाने घाण म्हणत होते. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

काका ओंडका सोडून पुढे आले. त्यांनी सासऱ्यांच्या हातातून मशीन घेतली, खाली ठेवली आणि टाकीचं झाकण फिरवून उघडलं. आत स्वच्छ पेट्रोल काठापर्यंत होतं, वरून ऊन पडलं होतं, तळ दिसत होता. काकांनी बघितलं. मग बटणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, बोल आता, तुझा दिवस आहे.

काकांनी झाकण लावलं आणि घट्ट पिळलं.

"गाळ हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लय गाळ हाय. सूनबायनी काय धुतली नाय." मग सासऱ्यांकडे वळले आणि आवाज खाली आणला. "दादूस, माझी मशीन आनतू. तू सांग, मी कापतू. कुठून कापाचा ता तुलाच ठाव."

सासऱ्यांचे हात एव्हाना खिशात गेले होते. मग म्हणाले, "आन. पन मी सांगीन तसाच." केशरी मशीन आली, एका झटक्यात सुरू झाली, आणि सासरे हनुवटीने दाखवत गेले, इकडून, जरा खाली, आता सरळ, आरं सरळ म्हनतो ना. काका निमूट कापत होते. ओंडका खड्ड्यात उभा राहिला तेव्हा गुलाल आधी सासऱ्यांना लागला.

घरी आल्यावरही बायकांचं ते हसणं डोक्यातून जात नव्हतं. अंगणात मशीन आपटायची इच्छा होती, पण हळूच ठेवली. मागून सासरे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, टाकी रिकामी कर, भरलेली ठेवली की पुन्हा गाळ बसतो. मी झाकण उघडलं आणि मशीन कॅनवर उपडी केली. पेट्रोल येत राहिलं, येत राहिलं, एक कण नाही त्यात. ते शेवटच्या थेंबापर्यंत बघत होते.

"चांगली धुतली व्हतीस," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मला काय सांगता. मला माहीत आहे."